बोगोटाची बस पुण्यात का अडली?



सुट्टीत पुण्याला गेलो की दोन दिवसांत आपल्या तोंडून एक वाक्य निघतंच: "आमच्याकडे बघा, हे किती सोपं केलंय!" आज त्या वाक्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

बीआरटीचं उदाहरण घेऊ. १९७४ साली ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट राखली. १९९१ मध्ये तिथे नळीसारखे थांबे आले: तिकीट आधी, बस नंतर, आणि फलाट बसच्या दाराच्या उंचीला. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियातल्या बोगोटाने ही कल्पना उचलली, पण जशीच्या तशी नाही. तिथे गर्दी फार, म्हणून थांब्यापाशी एका बसला दुसरी ओलांडता यावी अशी जादा लेन ठेवली.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर पुण्याने प्रयोग केला. लेन आली, पण बाकीचं राहिलं. तिकीट बसमध्येच. चौकात लेन तुटलेली. मधल्या थांब्यावर जायचं तर म्हाताऱ्या माणसांनीही वाहता रस्ता ओलांडायचा. मोकळी लेन दिसल्यावर स्कूटर घुसल्याच. निष्कर्ष काय निघाला? "आपले लोकच बेशिस्त."

पण ऑक्टोबर २००९ मध्ये अहमदाबादने जनमार्ग सुरू केला, आणि दुचाकी तिथेही काही कमी नाहीत! त्यांनी थांबे मध्यभागी घेतले, म्हणून बसची दारं उजवीकडे केली. तिकीट आधी घेतलं. चालवायला वेगळी कंपनी काढली. सुरुवातीला मोफत चाचणी फेऱ्या केल्या. म्हणजे प्रश्न फक्त शिस्तीचा नव्हता. एका साखळीतली एकच कडी उचलून चालत नाही, हा होता.

इथेही बघा. स्नोहोमिश काउंटीची स्विफ्ट बस २००९ मध्ये सुरू झाली, आणि २०१९ मध्ये तिची ग्रीन लाइन बॉथेलच्या कॅनियन पार्कपर्यंत आली. थांब्यावरच तिकीट आणि मोजके थांबे हे त्यांनी घेतलं. पण मधोमध स्वतंत्र वाट हवीच, असा हट्ट उपनगरातल्या रस्त्यावर धरला नाही.

आता उलट बाजू. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. जे हात आधीपासून उकिरड्यावर कचरा वेगळा करत होते, त्यांनाच घरोघरी जाऊन तो गोळा करण्याचं काम मिळालं. बाहेरून यंत्रं आणि ठेकेदार आणले असते, तर याच बायकांची रोजीरोटी गेली असती. हा विचार करायला गावातली माणसं लागतात. आपण लांबून ते पाहू शकत नाही.

आपल्याकडे मदतीसाठी प्रकल्प येतात. पैसे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी सूचना आहे. मूळ ठिकाणी हे कशाच्या आधारावर चाललं? त्यातलं आपल्या गावात काय नाही? आणि हे काम आज जो करतो, त्याचं उद्या काय होणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर चेक थांबवावा का? यावर तुमची मतं ऐकायला आवडेल.