जवानाचा हुकूम आणि ग्रामसभेचा ठराव
(चाकण येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातून तुम्ही या कारखान्यांच्या पट्ट्यात आलात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत प्रत्येक गेटवर एक माणूस ताठ उभा दिसला असेल. त्यांत पुष्कळ माजी सैनिक आहेत. कोरडवाहू शेतकऱ्यांचीच पोरे. ऐन उमेदीची वर्षे सरहद्द राखली, आता दुसऱ्याच्या मोटारी राखतात. गावाकडे का गेला नाहीत, असे विचारले की उलट विचारतात, तिथे आहे काय?

१९७५ साली एक सैनिक मात्र गावाकडे गेला. किसन बाबुराव हजारे, म्हणजे आपले अण्णा. नाव किसन, नोकरी जवानाची! लष्करात ट्रक चालवत. १९६५ च्या लढाईत खेमकरणला गाडीवर हल्ला झाला, सोबतचे गेले, आपण तेवढे वाचलो, असे ते सांगत आले. त्यांचे राळेगणसिद्धी इथून फार लांब नाही. शिक्रापूरवरून नगर रस्त्याला लागायचे, शिरूर ओलांडायचे, की पारनेर तालुका. पाऊस ४००-५०० मिलिमीटर, तोही लहरी. गावात दारूच्या भट्ट्या.

अण्णांनी फंडाचे पैसे यादवबाबांच्या देवळाला लावले आणि देवळातच मुक्काम केला. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत चालू होती, तिचा धडा घेतला. गळका पाझर तलाव दुरुस्त केला. नालाबांध घातले, चर खोदले, झाडे लावली, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी केली, उसाला मनाई केली. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, म्हणून स्पष्ट सांगतो, की यात नवे तंत्र काही नव्हते. माथ्यावर पाणी अडवा, माती धरा, मग विहिरीला पाझर येईल, हे कृषी खात्याच्या पुस्तकात होतेच. पुस्तक गावात उतरले ते एका कारणाने. सांगणारा स्वतः घमेले उचलत होता. लढाईत चांगला अधिकारी मागे बसून शिट्टी वाजवत नाही. गावाला हा अनुभव नवा होता. आपल्याकडचे पुढारी नारळ फोडायला तेवढे येतात!

पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. राळेगणात दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले गेले. अण्णांनी ते कधी लपवले नाही. पंचायतीच्या निवडणुकाही वर्षानुवर्षे बिनविरोध. काही मंडळींना हे फार आवडते. गावाला असाच हुकूमशहा पाहिजे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सैनिक पलटणीत सही करून जातो, मुदत संपली की सुटतो. गावात माणूस जन्मतो. ज्या बाईचा नवरा पितो तिला पट्टा नको, मत पाहिजे. आडव्या बाटलीच्या मतदानाने तिने दुकाने बंद केली आहेत, आणि तो निकाल कोणा एकाच्या तब्येतीवर अवलंबून नसतो. बांध हुकमाने एकदा घालता येतो. पण दरसाल गाळ काढायचा, कोणी किती पाणी उपसायचे, ते सगळ्यांनी हात वर करून ठरवले तरच टिकते.

राजकारणातही हेच झाले. २०११ साली दिल्लीत रामलीला मैदानावर अण्णा उपोषणाला बसले, देश हलला. पुढच्या वर्षी सोबत्यांनी पक्ष काढला, अण्णा बाहेर राहिले. लोकपालाचा कायदा २०१३ च्या डिसेंबरात संसदेने केला आणि पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. उपोषणाने सरकार वाकते. वाकलेले सरकार पुन्हा सरळ होणार नाही यासाठी पाळत ठेवायला गावोगाव माणसे लागतात. ती नव्हती.

आता देशभक्ती. खेमकरणची लढाई झाली त्याच साली शास्त्रीजींनी जय जवान, जय किसान म्हटले. सात वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, ज्वारीच्या या महाराष्ट्राने रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली. म्हाताऱ्यांना तिची चव अजून आठवते. म्हणजे धान्य पिकवणे हे देशाचे रक्षण आहे, यात शंका नाही. पण देशाच्या नावाने किसानाकडून काय मागितले जाते पाहा. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाल्यावर सैल केली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. याच चाकणच्या बाजारात शेतकऱ्याने पहिल्यांदा कांद्यासाठी रस्ता अडवला, त्याला चार दशके उलटून गेली होती. २०१५ साली माजी सैनिक समान पेन्शनसाठी जंतरमंतरवर बसले. त्यांनी हक्क मागितला म्हणून त्यांची देशभक्ती उणी झाली नाही. कापूसवाल्याची कशी होते?

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या माजी सैनिकांना सोबत आणा. पाझर तलाव कुठे गळतो, नालाबांध कुठे फुटला, याची पाहणी त्यांच्या हाती द्या. नकाशा वाचायला ते शिकलेले असतात. पाहणीचा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा, बायांना पुढे बसवा, आणि ठरावाची नक्कल घेऊन या.