फी कशाची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



वर्धा जिल्ह्यात मी खासगी पशुवैद्यक म्हणून काम करतो. या कामात एक प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. कोठ्यात गेलो, गाईचा ताप मोजला, डाव्या कुशीवर मूठ दाबून पोटाची हालचाल पाहिली, शेण पाहिलं, पापणी उलटून डोळ्याचा रंग पाहिला आणि सांगितलं, की हिला औषधाची गरज नाही. दोन दिवस ढेप बंद ठेवा, कुटार द्या, पाणी भरपूर पाजा. एवढं बोलून बॅग बंद करायला लागलो की घरधनी विचारतो, "डॉक्टरसाहेब, सुई नाही देत का जी?" पुढचा प्रश्न तो भिडेपोटी विचारत नाही. सुई नाही, तर मग फी कशाची?

आज मी त्याच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

आपल्या जिल्ह्यात सरकारी आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी गावोगाव टोचण्याचं मोठं काम ते करतात आणि त्यांनीच ते करावं. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस राज्यभर गाईबैलांना दिली गेली. ते एकट्यादुकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं काम नव्हतं. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथकही येतं. मग खासगी माणूस हवा कशाला? कारण गाय काही दवाखान्याची वेळ पाहून वीत नाही.

वासरू अडलं की पहिल्यांदा शेजारीपाजारी जमतात. पाय दिसतोय ना, मग ओढा! चार गडी दोरी लावून ओढतात. पण आत मान मागे वळलेली असली, किंवा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून अडकलेला असला, तर जितकं ओढाल तितकं ते घट्ट बसतं. खरं काम उलटं असतं. वासराला आधी आत ढकलायचं, जागा करायची, हाताच्या तळव्यात खूर धरून, म्हणजे पिशवीला इजा होणार नाही अशा बेतानं, पाय सरळ करायचा आणि मग गाय कळ देईल त्या कळेबरोबरच ओढायचं. खांद्यापर्यंत हात आत, अंधारात डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. पाणमोट फुटून तास-दीड तास झाला आणि गाय कळा देऊनही वासरू पुढे सरकत नसेल, तर थांबू नका, फोन करा. वासरू जिवंत निघतं की मेलेलं, हे बहुतेक वेळा माझ्या हातावर नाही, तुम्ही फोन कधी केला यावर ठरतं. या साऱ्या खटाटोपात पुष्कळदा एकही सुई लागत नाही, आणि तरी या कामाची फी द्यायला कोणी कुरकुरत नाही. कारण कष्ट डोळ्यांना दिसतात. तपासणी दिसत नाही.

सुईवरचा हा विश्वास आला कुठून? माझा तर्क असा, की तो एका खऱ्या चमत्कारातून आला. जास्त दूध देणारी गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत खाली बसते. कान थंडगार, मान कुशीकडे वळवलेली, उठता उठत नाही. रक्तातलं कॅल्शियम दुधात उतरून गेल्यानं असं होतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की तीच गाय डोळ्यांदेखत उठून उभी राहते, शेण टाकते, चारा मागते. सारं गाव बघतं. आमच्या धंद्याचं सगळ्यात मोठं नाव या बाटलीनं केलं आणि नुकसानही तिनंच केलं! कारण लोकांना बाटली दिसली. ती थेंबाथेंबानं सोडताना डॉक्टरचा दुसरा हात नळी घेऊन गाईच्या हृदयावर होता, हे कोणी पाहिलं नाही. हेच कॅल्शियम घाईनं सोडलं तर हृदय जागच्या जागी बंद पडतं. बॅग घेऊन फिरणारे, कुठलीही पदवी नसलेले लोक गावोगाव आहेत. त्यांच्या हातून अशी गाय गेली की म्हणतात, 'तिचं आयुष्यच तेवढं होतं.'

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदवीधराला राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट विचारणारा गिऱ्हाईक बरा वाटतो.

आता सुईचा आग्रह धरला की काय होतं, ते पाहा. डॉक्टरलाही पोट आहे. सुई दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत हे कळलं की काही जण गरज नसताना सुई देतात. कधी जीवनसत्त्व, कधी प्रतिजैविक. प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत विकू नये, घरच्या लेकरांनाही देऊ नये, हे किती घरांत पाळलं जातं? शिवाय नको तिथं वापरलेलं औषध हवं त्या दिवशी लागू पडत नाही.

गिधाडांची गोष्ट तर तुम्ही ऐकली असेल. पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की काही तासांत त्याचा सांगाडा उरायचा. १९९० नंतरच्या काळात गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. कारण सापडलं २००४ साली: डायक्लोफेनॅक. ताप-दुखण्यावरचं हे स्वस्त इंजेक्शन ढोरांना सर्रास दिलं जाई. ते अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही आली. त्याच कामासाठी मेलॉक्सिकॅम आहे, ते गिधाडाला बाधत नाही. कोणती सुई द्यायची नाही, हे माहीत असणंसुद्धा फीमध्येच येतं.

वर्ध्याच्या मातीला हा विचार नवा नाही. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले; १९४१ साली इथे गोसेवा संघ उभा राहिला. आणि त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, गांधीजी बंगळूरच्या सरकारी दुग्धसंस्थेत काही दिवस चक्क शिकायला गेले होते. गाईला नमस्कार करणारे या देशात कोट्यवधी होते. वय पन्नाशीच्या पुढे, देशभर नाव झालेलं, आणि तरी गाय सांभाळण्याचं शास्त्र शिकायला बसणारा माणूस विरळा. गोसेवेचा हा अर्थ आपण पुढे सोयीस्करपणे विसरलो असं मला वाटतं.

आपली इथली गवळाऊ गाय घ्या. आर्वी-कारंजाकडच्या रानात चरणारी, पांढरी, हलक्या अंगाची. दूध कमी, पण काटक. तिचा बैल पळायला चपळ. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास क्षेत्र आहे. गवळाऊ पाळणारा मला वर्षातून एखाद्या वेळी बोलावतो. संकरित गाईचं तसं नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यांत आपलाही होता, आणि त्यातून दुभती जनावरं शेतकऱ्यांना मिळाली. दूध भरपूर देणारी गाय तितकंच मागतेही. हिरवा चारा, ढेप, सावली, पाणी आणि गोचिडांचा बंदोबस्त. गोचिडाच्या तापानं संकरित गाय पाहता पाहता जाते. ज्याच्याकडे कोरडवाहू वावर आणि एक विहीर, त्याच्या दारात ही गाय बांधली तर डॉक्टरचा खर्च दुधातून निघत नाही. म्हणून गाय घ्यायच्या आधी बोलवा, असं मी सांगतो. 'ही गाय तुमच्या घरी नको' हा सल्ला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा, आणि नेमके त्याचेच पैसे कोणी देत नाही.

खर्चाचं बोललो म्हणून आणखी एक. म्हातारा बैल, दुखणं मोठं, औषध महाग, असा पेच येतो. तेव्हा आधी आकडा विचारा. वाचण्याची आशा किती, खर्च किती, पेरणीला तो जुंपता येईल की नाही, हे स्पष्ट सांगणं डॉक्टरचं काम आहे. आशा नसताना सलाईनवर सलाईन लावून कास्तकाराला कर्जात घालणं ही सेवा नव्हे.

फोन करताना काही गोष्टी सांगितल्यात तर मी योग्य सामान घेऊन निघतो. काल काय खाल्लं, रवंथ चालू आहे का, शेण-मूत झालं का, वावरात फवारणी झाली होती का. कपाशीवरच्या काही कीटकनाशकांनी विषबाधा झाली की तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्याची बाहुली बारीक होते. त्यावर अ‍ॅट्रोपीन हे नेमकं औषध आहे, पण वेळेत पोचलं तर. सोयाबीनच्या ढिगात गाय शिरली असेल तर ते लपवू नका. आणि पोट फुगलेल्या जनावराला जीभ बाहेर ओढून, मान वर करून बांबूच्या नळकांड्यातून तेल पाजू नका. तेल फुप्फुसात गेलं की पोटफुगी राहते बाजूला आणि न्यूमोनियानं जनावर जातं.

आणखी एक विनंती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतो. वर्षातून हा एक दिवस असा, की घरचा माणूस निवांतपणे बैलाच्या अंगावरून हात फिरवतो. त्या दिवशी हात थोडा पुढेही न्या. जुवाखाली गाठ लागते का ते पाहा. शिंगाच्या मुळाशी दाबून पाहा. ते मऊ लागलं, शिंग एका बाजूला कललं असलं, बैल सारखं डोकं झटकत असला किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येत असलं, तर तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. लवकर कळला तर शिंग मुळापासून काढून बैल वाचवता येतो. पोळा होऊ द्या, तोरणाखालून बैल निघू द्या, पण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आटोपला की मला फोन करा.