पोराची बोली आणि गावचं मैदान



दिवाळी सरली, हलका धान घरात आला, की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, पाहुणेराहुणे येतात, आणि एका बाजूला चुन्याच्या रेघा आखून कबड्डीचं मैदान तयार होतं. बक्षिसाची रक्कम गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहते. सामना जिंकायचाच म्हणून एखादं मंडळ शेजारच्या तालुक्यातला चांगला चढाईवाला एका रात्रीपुरता आणतं. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च देतं, जेवण देतं, वर हातात काही रक्कम ठेवतं. मग पारावर वाद होतो, ‘हा आपल्या गावचा नव्हे, याला खेळवला कसा?’

हा छोटा व्यवहार तुम्हाला ठाऊक आहे. आज याच्याच मोठ्या भावाबद्दल बोलायचं आहे. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंवर बोली लागू लागली. टीव्हीवर ते पाहून एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारलं, ‘माणसाचाबी लिलाव होते का गा?’

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला वेळ लागला. आपल्याकडे तेंदूपत्त्याचा लिलाव होतो, तलावातल्या मासळीचा होतो. तिथे माल एकाचा, पैसे देणारा दुसरा. कबड्डीच्या लिलावात मात्र बोलीची रक्कम खेळाडूलाच मिळते. विकला जातो तो माणूस नव्हे, तर त्याचा एका हंगामाचा खेळ. लिलाव हा शब्द कानाला खटकतो खरा, पण एका अर्थी ही मजुरीच ठरवणं आहे. फरक इतकाच, की इथे एका गड्यासाठी चार मालक एकमेकांवर चढाओढ करतात.

आकडे ऐका. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरला राकेश कुमार. पाटण्याच्या संघाने त्याला 12 लाख 80 हजार रुपयांना घेतलं. 2018 साली हरियाणाच्या संघाने मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख दिले. 2023 साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. नऊ वर्षांत सर्वांत मोठी बोली वीसपट झाली. कोणत्या पिकाचा भाव असा वाढला, ते तुम्हीच सांगा!

आणि ज्यांनी हा खेळ जगापुढे नेला त्यांना काय मिळालं? आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी 1936 साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली. त्यांच्यावर कोणी बोली लावली नव्हती. पुढेही कितीतरी वर्षं चांगल्या खेळाडूला मिळायची ती नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने आपापले संघ ठेवत, आणि महाराष्ट्रातल्या स्पर्धांत त्यांचा ‘व्यावसायिक गट’ वेगळा असे. पगार बेताचा, पण दर महिन्याचा. आज रक्कम मोठी, पण हंगामाची. या दोन वाक्यांतला फरक प्रत्येक आईबापाने नीट समजून घ्यावा.

आता थोडा हिशोब करू. गुरुजी, हा वर्गातल्या फळ्यावरही मांडता येईल. लीगमध्ये 12 संघ. एका संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून, आणि इराणसारख्या परदेशांतूनही, जागा फार तर 300. आपल्या एका तालुक्यातच तीनशेहून जास्त पोरं कबड्डी खेळत असतील! पुढे पाहा. 2023 च्या हंगामात एका संघाने आपल्या साऱ्या खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा होती 5 कोटी. त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार एकाच्या वाट्याला गेले, तर उरलेल्या साऱ्यांना मिळून राहिले 2 कोटी 39 लाख 50 हजार. पेपरात नाव छापून येतं ते पहिल्याचं. बाकीच्यांची रक्कम कोणी मोठ्याने वाचत नाही. आणि मोठ्या रकमेतून आयकरही जातो.

बरं, एवढे पैसे मोजून संघ जिंकतोच असंही नाही. त्या हंगामात तेलुगू टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून अगदी तळाला राहिले. विजेतेपद आलं पुणेरी पलटणकडे, मार्च 2024 मध्ये. त्यांनीही इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाख खर्च केले होते, पण संघाचा कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्यातला तरुण अस्लम इनामदार, आणि त्याच्याबरोबर घडवलेली पोरं होती. एक महाग बैल आणला म्हणून जोडी धावत नाही, हे पटाच्या शौकिनांना मी काय सांगावं!

शरीराचीही गोष्ट सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी नावाचं गाव आहे. तिथला सिद्धार्थ देसाई 2018 साली यू मुंबात 36 लाख 40 हजारांवर आला. एका हंगामात त्याने असं नाव काढलं, की 2019 साली तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख दिले. 2021 च्या लिलावातही 1 कोटी 30 लाख झाले, पण त्या हंगामात थोडेच सामने खेळून खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर बसला. पवन सेहरावतला तर 2022 साली पहिल्याच सामन्यात गुडघ्याने दगा दिला आणि सारा हंगाम गेला. हे दोघे पुन्हा उभे राहिले. 2023 साली दोघांवरही कोटीच्या बोली लागल्या. पण खालच्या रकमेतल्या पोराचा गुडघा गेला, तर त्याची आठवण कोण ठेवतो?

श्रोतेहो, हा प्रश्न आपल्याच देशात उभा राहिला असं नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे 2005 साली फुटबॉलची ए-लीग सुरू झाली. श्रीमंत क्लबाने सारे चांगले खेळाडू गोळा करू नयेत, म्हणून पगारावरच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली. एखाद्या नामांकित खेळाडूचा पगार मर्यादेबाहेर धरण्याची सोयही ठेवली. इटलीचा डेल पिएरो 2012 साली सिडनीच्या क्लबात आला तो याच सोयीने. मर्यादा घालायची आणि एक दार उघडंही ठेवायचं, असा तो मार्ग.

पण फुटबॉलमधली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे पैसा दोन प्रकारचा असतो. एक खेळाडूचा पगार. दुसरी बदलीची रक्कम, म्हणजे करार संपण्याआधी खेळाडू सोडला तर नवा क्लब जुन्या क्लबाला देतो ती. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात असा गेला, तर जागतिक संघटनेचा, फिफाचा, नियम सांगतो की या रकमेतले शेकडा 5, त्या खेळाडूला वयाच्या 12 ते 23 वर्षांत ज्या ज्या क्लबांनी शिकवलं, त्यांच्यात वाटले जावेत. म्हणजे गल्लीतल्या लहानशा क्लबालाही, पोरगा मोठा झाला की, त्याचा वाटा पोचतो.

आपल्या कबड्डीत बोलीची सारी रक्कम खेळाडूची, हे न्याय्यच आहे. घाम त्याचा, गुडघा त्याचा. त्यातून कोणी कापून घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मैदानावर तो पहिल्यांदा पडला, ज्या मंडळाने वर्गणी काढून त्याला तालुक्याला नेलं, ज्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत थांबून त्याला पकड शिकवली, त्यांच्या वाट्याला काय? नुसता हिशोब म्हणून सांगतो, 2 कोटी 60 लाख 50 हजारांचे शेकडा 5 होतात 13 लाख 2 हजार 500. खेळाडूच्या बोलीला हात न लावता, संघमालकांनी आणि लीगने एवढी रक्कम वेगळी काढून त्याच्या शाळेला आणि मंडळाला दिली, तर गावात मॅट येईल. आज आपली पोरं मातीत खेळतात आणि निवडीला गेली की मॅटवर पाय घसरतो. ही मागणी मोठी नाही. गावच्या मंडळांनी ती जिल्हा संघटनेकडे आणि तिथून वर पोचवावी.

तोवर आपल्या हातात काय आहे? पोरगा चांगला खेळतो म्हणून त्याची शाळा सोडवू नका. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना शेकडा 5 जागा राखीव आहेत. पण त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र खरं आणि जपून ठेवलेलं हवं. त्याची पडताळणी होते. गुरुजी, कोणता मुलगा कोणत्या वर्षी कुठे खेळला, याची एक वही शाळेत ठेवा. उद्या पाच टक्क्यांचा नियम आलाच, तर पुरावा म्हणून तीच वही कामी येईल. करारावर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोण देणार, हे आधी विचारा. आणि मुलींना विसरू नका. 2016 साली महिलांची एक छोटी लीग झाली, पण पुरुषांसारखी ती दरवर्षी भरली नाही. तेव्हा मुलींना खेळाइतकाच प्रमाणपत्राचाही आधार आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना मी शेवटी सांगितलं, ‘बाबाजी, लिलाव माणसाचा नाही, खेळाचा होतो.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरं हाये. पण ज्यानं त्याले शिकवलं, त्याचं नाव तरी कोणी घेते का?’

यंदाच्या मंडईत, बक्षीस देताना, त्या नावापासून सुरुवात करा.