रामघाटावर आपले स्वागत



आमवात आणि होमिओपथी या विषयावरील परिषदेसाठी आलेल्या आपणा सर्वांचे स्वागतसमितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत!

ही काशी जितकी विश्वनाथाची, तितकीच मराठी माणसाची. आज उभे असलेले विश्वनाथाचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. १६७४ मध्ये शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. ‘आज’ दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे बाबुराव विष्णु पराडकर इथेच जन्मले.

आणि रामघाटाचे भूषण म्हणजे आमचे वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय! राजेश्वरशास्त्री द्रविडांची ही कर्मभूमी. इथल्याच गणेश्वरशास्त्री द्रविडांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अहिल्यानगरच्या अवघ्या १९ वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे २००० मंत्रांचे दंडक्रम या अवघड पद्धतीचे पारायण ५० दिवसांत इथे पूर्ण केले. ते आठवले की आजही ऊर भरून येतो.

आपल्या शास्त्राशीही गावाचे नाते आहे. १८६७ साली काशीत होमिओपथीचे रुग्णालय निघाले. पुढे अलीगढचे म्हणून गाजलेले सय्यद अहमद खान तेव्हा इथे न्यायाधीश होते. त्यांनी पुढाकार घेतला. लोकनाथ मैत्र या बंगाली गृहस्थांनी तिथे रोग्यांची सेवा केली. त्यांचे नाव आज कोणी घेत नाही, म्हणून या व्यासपीठावरून मी ते आदराने घेतो.

मी वैद्य नाही. एकच विनंती करतो. इंग्लंडमध्ये ८३ आमवातग्रस्तांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती. त्यांना गुण आला तो सविस्तर, आस्थेवाईक विचारपुशीने. होमिओपथीच्या औषधाचा वेगळा परिणाम दिसला नाही. तेव्हा कोणाचेही मेथोट्रेक्सेटसारखे आमवाताचे नेहमीचे औषध बंद करू नका, पण रुग्णाचे म्हणणे पोटभर ऐका. पूरक उपचाराचे मोल मला त्यातच दिसते.

आता क्षमायाचना. गल्ल्या अरुंद, गाड्या दारापर्यंत येत नाहीत. पायऱ्या उंच, सांधे दुखणाऱ्यांना त्रास झाला असेल. निवासाच्या खोल्या लहान आहेत, पंगतही दोनदा बसवावी लागेल. उणीव माझी समजावी. घरे उघडून देणारे गृहस्थ, शिधा पाठविणारे व्यापारी, नाव न सांगता देणगी देणारे दाते, सामान वाहणारे नावाडी, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी आणि रात्रभर मांडव घालणारी तरुण मुले यांच्यामुळेच हा योग आला. त्या सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मानतो, आणि अध्यक्षांना परिषदेचे काम सुरू करण्याची विनंती करतो.

हर हर महादेव!