झपाटलेला भ्रमणध्वनी



आपणां परप्रांतस्थ मंडळींना भ्रमणध्वनी म्हणजे गावाकडच्या घराचा उंबरठाच होय. वडीलधाऱ्यांची खुशाली, नातवंडांचे मुखदर्शन आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब, सारे त्या एका पेटीत. ती विपरीत वागू लागली की ‘व्हायरस शिरला!’ असा आकांत होतो. बहुतेक प्रसंगी तो व्हायरस नसतोच. अनर्थ घडतो तो त्या भीतीपोटी टाकलेल्या पावलाने.

सर्वांत भयचकित करणारा प्रकार असा : ॲण्ड्रॉइड फोन एकाएकी बोलू लागतो, बोट टेकावे तेथे चौकट उमटते, आणि एका टिचकीने काहीच उघडत नाही. यात भुताटकी नाही. ‘टॉकबॅक’ ही दृष्टिहीनांसाठी केलेली उत्तम सोय आहे. आवाजाची दोन्ही बटणे तीनेक सेकंद एकदम दाबली गेली, की पुष्कळ फोनांत ती जागी होते. तीच बटणे तितकाच वेळ पुन्हा दाबावीत. फोन मुका होतो. तोवर वस्तू उघडण्यास दोन टिचक्या आणि पडदा सरकविण्यास दोन बोटे लागतात, एवढे ध्यानी असले म्हणजे पुरे.

पडदा आपोआप चाळे करू लागला, तर आधी चार्जर काढावा. हलका चार्जर, ओलावा किंवा पडद्यावर चिकटविलेली सदोष काच, हीच कारणे बहुधा सापडतात. मात्र पडदा वा पाठ उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे, असे समजावे. ती दाबू नये, चार्ज करू नये; फोन बंद करून कारागिराकडे न्यावा. हा धोका खरा आहे.

‘आपल्या फोनात १३ व्हायरस आहेत’ अशी सूचना झळकते, ती फोनची नव्हे, एखाद्या संकेतस्थळाची. कधीतरी ‘अलाऊ’वर बोट पडलेले असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची ती परवानगी काढून घ्यावी. सूचनेत सुचविलेले ‘सफाई’चे ॲप मुळीच घेऊ नये, चोराच्याच हाती किल्ल्या देण्यासारखे ते आहे!

जाहिराती सर्वत्र उसळत असतील, तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. अनेक फोनांत पडद्यावरील ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरले की तो पर्याय येतो. या अवस्थेत आपण उतरवून घेतलेली ॲपे निद्रिस्त राहतात. उपद्रव थांबला, तर दोषी त्यांतच आहे. अलीकडची एकेक काढून पाहावी.

आता खरा शत्रू. २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी सावध केले, ते व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या लग्नपत्रिकांविषयी. ती पत्रिका नसून ‘एपीके’ फाइल असते. आणि आपण माणसे लग्नाच्या आमंत्रणाला भुलणारी! ती स्थापित झाली, की बँकेकडून येणारे सांकेतिक अंकही परक्याच्या हाती जाऊ शकतात. असे घडल्यास फोनचे इंटरनेट तत्काळ तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा. आईवडील गावी एकटे असतील, तर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या दिनदर्शिकेशेजारी लावून यावा.