लाखाचा जामीन आणि आपण



मघाशी एका भावाने विचारलं, आरोपीचा जामीन लाखाचा करून घेता येईल का? मागता येईल. पण साठ एकर ऊसवाल्याला लाख म्हणजे काय? सकाळी सातबारा कोर्टात, संध्याकाळी साहेब पारावर, अंगावर गुलाल. आणि ज्या घरातलं माणूस मारलं ते घर त्याच गावात, त्याच किराणा दुकानाच्या उधारीवर.

शिवाय रकमेचा सोटा उलटा आपल्याच पाठीवर बसतो. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला मॅजिस्ट्रेटने दहा हजाराचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. १९७८ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. तो गवंडी आपला आहे. मोर्चात दगड पडला की जामीनदाराविना आत सडतात ती पोरंही आपलीच. रक्कम अवाजवी नको, हा कायदा आपल्यालाही लागतोच.

मग काय मागायचं? अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ पाठ करा. २०१५ च्या दुरुस्तीने आलं, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताच्या घराला मिळालीच पाहिजे, त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात हे झालं नाही. मयताचा भाऊ सुप्रीम कोर्टात गेला. २०२१ मध्ये कोर्टाने जामीन रद्द केला. सोबत कार्यकर्ता, वकील नेण्याचा हक्कही याच कलमात आहे. आपल्याकडे मात्र हवालदार दारात येतो, ‘कर सही’ म्हणतो, कशावर ते सांगत नाही. वाचल्याशिवाय सही करू नका!

कोर्टात नुसतं रडून भागत नाही. कधी धमकी दिली, कुणादेखत दिली, किराणा कधी बंद केला, सगळं तारखेनिशी लेखी द्या. सरकारी वकिलाला आधी गाठा. आणि अटी मागा: खटला संपेपर्यंत तालुक्यात पाऊल नको, साक्षीदाराला निरोप नको, हजेरी दुसऱ्या तालुक्याच्या ठाण्यात. रक्कम मागायचीच तर त्याच्या ऐपतीचे कागद जोडून मागा. जामीनदारही तपासा. आणखी किती आरोपींना आपण जामीन आहोत हे त्याला कायद्याने जाहीर करावं लागतं. एकाच सातबाऱ्यावर अर्धा गाव सुटत असेल तर तिथेच हरकत घ्या.

अट मोडली, तो वस्तीत दिसला, की त्याच दिवशी ठाण्यात तक्रार आणि जामीन रद्दचा अर्ज. विशेष कोर्टाने चुकीचा जामीन दिला तर हायकोर्टात अपील. मुदत नव्वद दिवस. दुःखात नव्वद दिवस कधी जातात कळत नाही, म्हणून ते मोजायचं काम तुम्ही मुंबई-पुण्याच्या पोरांनी अंगावर घ्या.

तारखेला मयताची आई एकटी येते. समोर त्यांच्या चार जीपगाड्या. पुकारा सकाळी होतो. तेव्हा आदल्या रात्रीची एस्टी पकडा, आणि भाकरी बांधून घ्या, कारण पुकारा कधीकधी पाचलाही होतो.