रडारला पराटी ओळखता येते, बोंडातली अळी नाही
(नांदेड जिल्हा बैठकीतील भाषण)



पीकविम्याच्या बैठकीत साहेब लोक आता उपग्रहाचं नाव घेतात. नाव निघालं की आपण गप्प बसतो. म्हणून हे यंत्र नेमकं काय बघतं ते आधी समजून घेऊ.

खरिपात आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. रडार स्वतःची लहर सोडतं आणि ती ढगांतून आरपार येते. कासरा खुंट्याला बांधून खाली-वर झटका, उभी लहर जाते. डावी-उजवीकडे झटका, आडवी जाते. युरोपचा सेंटिनेल-1 हा 2014 साली सोडलेला उपग्रह आपल्या शेतांवर उभी लहर सोडतो आणि परत आलेल्यात उभी किती, आडवी किती, हे वेगवेगळं मोजतो. शास्त्रात याला ध्रुवण म्हणतात. उघड्या काळ्या रानावरून उभी गेलेली लहर बहुतेक उभीच परतते. पराटीच्या फांद्या-पानांत ती आपटत फिरते, तिच्यातली काही आडवी होऊन येते. ज्वारीची ताटं सरळ. उभी लहर ती जास्त अडवतात. ही झाली पिकाची खूण. एका दिवसाच्या खुणेवर भरवसा नाही, रान ओलं झालं तरी ती बदलते. पण खरीप ज्वारी दिवाळीच्या आगेमागे निघते, पराटी पुढेही उभी असते. जून ते डिसेंबरच्या खुणा जोडल्या की दोन्ही वेगळी पडतात. आपली इस्रोही 2022 च्या ईओएस-04 वर आणि जुलै 2025 मध्ये सोडलेल्या निसारवर हीच विद्या वापरते. विद्या खरी आहे. तिला शिव्या देऊन आपलं काही भलं होणार नाही.

भांडण पुढे आहे. 2023 च्या खरिपापासून भात-गव्हाच्या, 2024 पासून सोयाबीनच्या विमा उत्पन्नात उपग्रहाच्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन दिलं गेलं. लातूरकरांना हे सांगायला नको. हाच हिशेब पराटीला लावताना 2017 आठवा. गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, झाडं मात्र हिरवी उभी होती. रडार झाड मोजतं. बोंडात सरकी-रुई आहे की किडका, हे त्याला कुठून कळणार? शिवाय आपल्या पराटीत तुरीच्या ओळी असतात, त्यांची खूण तिच्यात मिसळते.

तेव्हा मागणी अशी: पीक कापणी प्रयोग बंद होता कामा नयेत, कापसाची प्रत्येक वेचणी गावासमोर मोजली जावी, आणि उपग्रहावरून काढलेला पीक-नकाशा मंडळवार चावडीवर लागावा. ई-पीक पाहणीत तूर मिश्र आहे तर मिश्रच नोंदवा. पुढच्या बैठकीला सातबारा घेऊन या, नकाशाशी ताडून बघू.